घोड्याचा केस आणि मुकादमची पापणी

शहादा तालुक्यात कुत्र्याच्या डोळ्याजवळ गाठ आली, की तिच्यावर मत देणाऱ्यांची रांग लागते, आणि त्या रांगेत मी सर्वांत शेवटी उभी असते. आधी शेजारी बघतो. मग मेडिकलवाला बघतो. गाठ नव्हे, तिचा मोबाईलमधला फोटो. मग पुण्यातला पुतण्या इंटरनेटवर बघून कॅन्सर असल्याचं कळवतो. तोवर चुना, हळद, बिब्बा असं सगळं लावून झालेलं असतं. शेवटी सुजलेला डोळा घेऊन मंडळी माझ्या दवाखान्यात येतात आणि विचारतात, "डॉक्टरसाहेब कोठे गयात, ताई?" डॉक्टरसाहेब मीच, हे कळल्यावर त्यांची काळजी थोडी वाढते.

मी जनावरांची डॉक्टर. गाई, म्हशी, शेळ्या, आणि अलीकडे संख्येने वाढत चाललेली कुत्री. माझी एक सवय या भागात विनोदाचा विषय आहे. गाठ दिसली की मी ती मोजते. एप्रनच्या खिशात व्हर्नियर कॅलिपर असतो, शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटात गंजत पडलेला असतो तोच. लांबी, रुंदी, पापणीच्या कडेपासूनचं अंतर, सगळं मोजते. गाठ वाढतेय की नाही यावर पुढचा उपचार ठरतो, आणि 'वाढली' हा शब्द मालकाच्या तोंडून आला तर त्याला काहीच अर्थ नसतो. आमच्याकडे गाठीचं माप पिकात सांगतात. कपाशीवाला सरकीएवढी म्हणतो, हरभरा पेरणारा हरभऱ्याएवढी आणि पपईवाला पपईच्या बीएवढी. एकच गाठ नवऱ्याने तुरीच्या दाण्याएवढी आणि बायकोने बोराएवढी सांगितलेली मी ऐकली आहे. त्यावरून गाठीबद्दल काही कळलं नाही, घराबद्दल मात्र बरंच कळलं.

डोळ्याभोवतीची गाठ म्हणजे एकच रोग, असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात पापणीच्या कडेत तेलाच्या अगदी बारीक ग्रंथींची ओळ असते. त्या तेलामुळे डोळ्यातलं पाणी लवकर सुकत नाही. एखाद्या ग्रंथीचं तोंड बुजलं की माणसासारखीच कुत्र्यालाही रांजणवाडी होते. कुत्रं म्हातारं झालं की तीच ग्रंथी चामखिळीसारखी वाढते. बहुतेकदा ती साधीच असते, पण 'बहुतेकदा' हा शब्द ऐकायला कोणी दवाखान्यात येत नाही. नाकाकडच्या कोपऱ्यात लालभडक गोळा आला, तर ती तिसऱ्या पापणीची ग्रंथी जागेवरून सरकलेली असते. कुत्र्याला तिसरी पापणी असते असं सांगितलं की मालक माझ्या भिंतीवरच्या पदवीकडे बघतो. आणि डोळ्याखाली गाल फुगून आला, तर बऱ्याचदा दोष डोळ्याचा नसतो, वरच्या मोठ्या दाढेचं मूळ सडलेलं असतं. पुरुषोत्तमनगरच्या एका गृहस्थांना मी हे सांगितलं तेव्हा ते बाहेर बाकावर बसलेल्यांना म्हणाले, "डोळा दाखवायला आणलं, तर ही बाई दात काढायचा म्हणते." त्यांनी दुसरीकडे दाखवलं. तिथेही दातच काढला. त्यानंतर ते मला ओळख देत नाहीत.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट करायची असते. पाय शोधायचे. पापणीला चिकटून रक्त पिऊन टम्म झालेली गोचीड हुबेहूब गाठीसारखी दिसते, आणि तिला पाय असतात एवढाच दोघींतला ठळक फरक. नवापूरकडच्या एका पोल्ट्रीवाल्यांनी ही चूक उलट्या बाजूने केली. गाठ होती, तिला गोचीड समजले. "निघतच नाही हो," ते म्हणाले. "मी ओढली, मिसेसने ओढली, काल साडूभाऊ आले होते, त्यांनीही चिमट्याने ओढून पाहिली." तीन जणांनी आपली पापणी ओढल्यावरही ते कुत्रं त्याच घरी राहत होतं. निष्ठेची यापेक्षा मोठी परीक्षा मी पाहिलेली नाही.

आता मुकादमकडे येते.

मुकादम हा तापीकाठच्या एका गावचा गावठी कुत्रा, पिवळसर, आखूड केसांचा, वयाने उतरलेला. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की दिवसभर त्यांच्या मागे फिरून भुंकायचा, म्हणून हे नाव. मालक छगनआप्पा. गुजर पाटील, केळीची मोठी बाग, सत्तरी ओलांडलेली आणि आवाज पंचविशीतला. बागेत रानडुकरं येत, उसात बिबट्याचे ठसे दिसत, आणि अशा बागेतून आप्पा पहाटे एकटे फिरत. एकटे म्हणजे मुकादमच्या मागे. मुकादम थांबला की थांबायचं, तो भुंकला की परत फिरायचं. आप्पांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा राहिलेला. थोडक्यात, त्या बागेत दोघांसाठी धड बघणारे डोळे होते ते मुकादमचे.

आप्पांची दुसरी ओळख म्हणजे घोड्याचा केस. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस घट्ट बांधला की तिचं रक्त तुटतं आणि ती वाळून पडते, हा आमच्याकडचा जुना उपाय. आप्पा दर वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेतून निवडक घोड्यांचे केस आणत आणि मागेल त्याला फुकट बांधून देत. अर्ध्या गावाच्या चामखिळी त्यांनी पाडल्या होत्या. माझ्या पदवीला तेवढी लोकमान्यता कधीच मिळाली नाही.

आप्पा पहिल्यांदा आले ते सून ज्योतीच्या आग्रहामुळे. "चामखीळ शे, बाई. दुसरं काही नही. हाई आयकत नही, म्हनीसन उनू."

मुकादमच्या डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर, अगदी कडेला, काळसर गाठ होती. पाय शोधले, नव्हते. कॅलिपर काढला.

"दवाखाना शे का सोनारनं दुकान?" आप्पा म्हणाले.

"चार मिलिमीटर."

"म्हंजे केवढी?"

"चार मिलिमीटर एवढी."

"पपईनी बी इतली म्हना ना मंग."

गाठ साधीच वाटत होती, पण ती बुबुळाला टेकायला लागली होती. भूल देऊन पापणीचा तेवढाच भाग त्रिकोणी कापून शिवायचा, आणि हे गाठ लहान आहे तोवर करायचं, असं मी सांगितलं. पापणीचा चौथा हिस्सा गेला तरी कडा सरळ जुळतात. त्याहून मोठा तुकडा गेला तर शिवणकाम अवघड होतं. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांना न पटलेली गोष्ट ते नेहमी शांतपणे ऐकत.

"म्हातारं कुत्रं. भूलमाईन उठनं नही तं?"

"आधी रक्त तपासू."

"जे केसवर जाई, त्याले सुरी कसाले?"

"आप्पा, मानेवर बांधा, पाठीवर बांधा. डोळ्याला केस बांधायचा नाही."

"हां, हां," आप्पा म्हणाले. खानदेशात 'हां, हां' म्हणजे संभाषण संपलं. होकार वेगळा असतो.

पुढच्या वेळी मुकादम आला तेव्हा त्याचा डावा डोळा मिटलेला होता. पाणी गळून गालावर काळा ओघळ पडला होता. मी हात नेला तर त्याने मान फिरवली. गाठ फुगून जांभळी पडली होती.

"काही लावलं?"

"काहीच नही."

"काही बांधलं?"

"काय बांधसू?" आप्पा म्हणाले. ज्योती भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता फार लक्ष देऊन वाचत होती.

डोळा बधिर करणारे थेंब टाकले आणि नारिंगी रंगाची कागदी पट्टी डोळ्याला टेकवली. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेवर कुठे खरचटलं असेल तर ती जागा या रंगाने हिरवी होते. हिरवी झाली. पण ती रेघ होती, उभी, आणि तिच्या शेजारी दुसरी, पहिलीला समांतर. गोल गुळगुळीत गाठ घासली तर पसरट डाग पडतो, कोणी आखल्यासारख्या दोन रेघा पडत नाहीत. मी भिंग लावून पापणी उलटली. गाठीच्या बुडाशी एक काळा वेढा होता आणि त्यातून दोन टोकं काट्यासारखी ताठ उभी होती. मुकादमने डोळा मिटला की ती दोन्ही टोकं काचेवरून फिरत होती.

"आप्पा, हा केस कोणाचा?"

"कुत्राना व्हई."

"एवढा जाड? एवढा काळा?"

"आप्पा, सांगा ना आता," ज्योती म्हणाली. मग तिनेच सांगितलं, "काळ्या घोडीचा आहे, मॅडम. मागच्या यात्रेतला."

"कायी घोडी नही!" आप्पा उसळले. "पंचकल्याणी व्हती!"

खोटं बोलणं त्यांना एक वेळ चाललं असतं, पण चार पाय आणि तोंड पांढरं असलेल्या शुभलक्षणी घोडीला नुसती काळी म्हटलेलं चालणार नव्हतं. बोलून गेल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं आणि ते टोपी काढून आत बघत बसले.

ज्योतीने पर्समधून एक बाटलीही काढली. आप्पांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब. डोळा लाल झाला म्हणून तेही घालणं चालू होतं.

"मन्हा डोयाले चालनात," आप्पा टोपीकडे बघतच म्हणाले, "त्याले का बरं चालाव नहीत?"

कारण त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने लाली उतरते, सूज उतरते, मालक खूश होतो, आणि जखम भरून येण्याचं काम मात्र थांबतं. ऑपरेशननंतर डॉक्टरच्या नजरेखाली ते उत्तम औषध आहे. खरचटलेल्या काचेवर ते घालणं म्हणजे घराला भोक पडल्यावर गवंड्याला सुट्टी देणं. एकंदर मुकादमवर दोन दिशांनी उपचार चालले होते आणि दोन्ही डोळ्याच्या विरोधात.

"डोळा वाचेल का?" ज्योतीने विचारलं.

"काचेची जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त असते. रेघ अजून आरपार गेलेली नाही, पण खोल आहे. आरपार गेली तर डोळा काढावा लागेल."

आप्पांनी या वेळी 'म्हंजे केवढी' असं विचारलं नाही.

बारीक चिमट्याने केस कापून काढला. जंतुनाशक थेंब दिले, दुखणं कमी होण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब दिले, आणि पंजाने डोळा चोळू नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराचा संरक्षक पट्टा घालायला सांगितला. तसा पट्टा त्या वेळी शहाद्यात मिळाला नाही. ज्योतीने घर रंगवल्यावर उरलेल्या रंगाच्या बादलीचा तळ कापला, कडेला कापड शिवलं आणि ती त्याच्या गळ्यात अडकवली. बादलीवर मोठ्या अक्षरात 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं होतं. एका डोळ्यातून सतत पाणी गळणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात ती पाटी शोभून दिसत होती.

थेंब फार वेळा घालायचे होते. ज्योतीने मोबाईलला गजर लावले, स्वयंपाक सोडून, कपडे सोडून ती गोठ्यात जायची. ती मला रोज डोळ्याचा फोटो पाठवायची, न हललेला, उजेडात काढलेला. अशी माणसं असतात म्हणून माझा धंदा चालतो. ती फोनवर सांगायची, "मॅडम, आप्पा बागेत जात नाहीत. गोठ्यात त्याच्याजवळ बसतात. बादलीत हात घालून त्याला भाकरी भरवतात. बोलत काहीच नाहीत." आवाज बंद झालेले आप्पा मला नीट डोळ्यांपुढे येईनात. गावाला मात्र, ती म्हणाली, बरं वाटत होतं.

या कामात काही डोळे मी काढलेले आहेत. ती यादी मी इथे देणार नाही. एवढंच सांगते, की त्यातला एकही डोळा पहिल्या दिवशी माझ्याकडे आला असता तर काढावा लागला नसता. म्हणून रोज फोटो आला की हातातलं काम सोडून मी आधी तो उघडायची.

हिरव्या रेघा हळूहळू आखूड झाल्या, मग पुसट, मग पट्टी लावली तरी काहीच हिरवं झालं नाही. त्या दिवशी आप्पांचा आवाज परत आला. त्यांनी खिशातून चुन्याची डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली. आत वाळलेला काळा कण होता. माझ्या उपचारांच्या काळातच आवळलेली गाठ गळून पडली होती.

"देखा. डोयाना काम तुमनं, चामखीळना काम मन्हं. दोन्ही व्हयनात."

अशी कामाची वाटणी मला नवीन होती. मी पापणी उलटून आत तशाच राहिलेल्या ग्रंथीचा पिवळसर उंचवटा दाखवला. आप्पांनी लांबूनच बघितलं आणि वयामुळे बारीक दिसत नसल्याचं सांगितलं. घोडीचे चार पांढरे पाय त्यांना यात्रेच्या गर्दीतून दिसत असत. ती डबी नंतर गावभर फिरली असं ज्योतीकडून कळलं.

गाठ परत आली. तीच जागा, पाच मिलिमीटर. या वेळी आप्पा न बोलावता आले आणि बाकावर चुपचाप बसले.

"पडनी व्हती ना वं," ते म्हणाले. "मंग परत कशी उनी?"

मी पापणीचं चित्र काढायला कागद घेतला, मग ठेवून दिला. विचारलं, "आप्पा, केळीच्या बुडाशी फुटलेलं पील नको असलं तर काय करता?"

"काढी टाकतस."

"वरून कापता?"

"वरथून कापं तं परत फुटस. कंदजोडेथून खनी काढनं पडस." आणि मग ते थांबले. मुकादमकडे, मग माझ्याकडे, मग परत मुकादमकडे बघून आप्पा म्हणाले, "मंग खना ना. वाट कोन्ही देखी ऱ्हायनात?"

पदवी, कॅलिपर, भिंग, नारिंगी पट्टी या सगळ्याने जे झालं नाही, ते केळीच्या पिलाने झालं.

रक्त तपासलं, भूल दिली, गाठ मुळासकट त्रिकोणी कापून काढली. पापणीच्या चौथ्या हिश्शाहून कमीच गेलं. आप्पा दारात उभे होते. मी शिवायला घेतल्यावर ते दोन पावलं आत आले.

"दोरा तं तुमना बी डोयाजोडेच शे."

"हो. पण टोकं कुठे आहेत बघा."

ते वाकले, ऑपरेशन झालेला डोळा पुढे करून. कडेचा टाका असा घालायचा असतो, की त्याची टोकं बाहेर, कातडीकडे वळतात आणि डोळ्याला कधी लागत नाहीत. आप्पांनी बराच वेळ बघितलं.

"टोकं बाहेर," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "मी बारीक कापा व्हतात. टोचाले नको म्हनीसन."

केस बारीक कापला की टोक ताठ उभं राहतं, लांब ठेवलं असतं तर कदाचित वाकलं असतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते कळलेलं दिसत होतं.

तुकडा तपासायला पाठवला. गाठ साधी निघाली. त्या डोळ्यावर केसाची एक पांढुरकी रेघ कायमची राहिली, उजेडात धरलं तरच दिसते. मुकादमला तिची अडचण होत नाही. तो पुन्हा बागेत पुढे असतो, आप्पा मागे.

यात्रेत आमचं जनावरांचं तपासणी शिबिर होतं. मी मंडपात बसले होते, आणि गर्दीतून आप्पा आले. खिशातून नव्या केसांची पुडी डोकावत होती. मागे एक परप्रांतीय घोडेवाला आणि त्याचा कुत्रा. घोडेवाला वैतागलेला. "मैंने एक बाल माँगा, ये मुझे पूरा मेला घुमा के यहाँ ले आए."

"डोयाजोडे शे," आप्पांनी मला सांगितलं. "डोयाजोडे मी हात लावत नही. त्याले सांगी दिधं, तढे केस चालाव नही." मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. "तुमनं माप द्या."

मी कॅलिपर दिला. आप्पांनी कुत्र्याचं डोकं काखेत धरलं, दोन दांड्या गाठीच्या दोन बाजूंना टेकवल्या, सोनारासारखं डोळ्याजवळ नेऊन वाचलं. "साडेचार मिलिमीटर."

"मतलब कितनी बड़ी?" घोडेवाल्याने विचारलं.

"साडेचार मिलिमीटर इतली," आप्पा म्हणाले.

मला बसल्या जागेवरून मघाशीच दिसलं होतं. गाठीने एक पाय हलवला. मग दुसरा. आप्पा कॅलिपर तसाच धरून आणखी खाली वाकले.

"बाई, हाई तं गोचीड शे."

घोडेवाला मोठ्याने हसला, शेजारच्या तंबूतले दोघं बघायला आले. आप्पांनी कॅलिपर मिटला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि माझ्या हातात दिला.

"शे तं शे," ते म्हणाले. "इचारी लिधं, ते बरं करं."